आकाराम हवालदार आणि कोपऱ्यातली लाल पाटी

पलूसच्या अलीकडं चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव. तिथं नुसतं ‘हवालदार’ म्हणून हाक मारली तर सात-आठ जण मागं वळून बघतील, कारण घरटी एक तरी माणूस पलटणीत जाऊन आलेला. पण ‘गाडीवाले हवालदार’ म्हटलं की एकच, आकाराम. चोवीस वर्षं पलटणीचे ट्रक चालवले, पेन्शनीत आल्यावर पंधरा वर्षं साखर कारखान्याची जीप. एवढ्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. हे मी सांगत नाही, ते स्वतःच सांगायचे. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी जो बसेल त्याची जिलबी ताटातच राहायची, एवढं सांगायचे.

त्या माणसाला त्रेसष्टाव्या वर्षी काचबिंदू निघाला. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, “आजोबा, आता गाडी बंद. डावीकडून म्हैस आली तर ती तुम्हांला धडकल्यावरच कळेल.” हवालदार उठले, “येस मॅडम” म्हणाले, घरी आले, लायसन ट्रंकेत टाकलं आणि सोप्यात बसले. बसले ते बसलेच. जेवताना मधेच डावा हात मांडीशेजारी जायचा आणि तिथं नसलेला गिअर बदलायचा. बायको राहीबाई ते बघायची आणि भाकरी वाढायच्या निमित्तानं तोंड फिरवायची.

मुलगा जयराज जबलपूरला पलटणीच्या वर्कशॉपात. दिवाळीच्या रजेवर आला, तर बापाचं हे असं. त्यानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन एक खोकं घेऊन आला. खोक्यात काळं प्लॅस्टिकचं स्टेअरिंग, पायाशी ठेवायचे पेडल आणि बाजूला एक छोटा गिअर.

घरात कॉम्प्युटर होता, सोप्याच्या कोपऱ्यात. तो सुनेचा, संयोगिताचा. पोरगी शिराळ्याची, बी.कॉम. झालेली. गावातल्या पोरांचे प्रवेशाचे अर्ज, शेतकऱ्यांचे उतारे, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले असलं सगळं त्यावर करून द्यायची. सकाळी दहापासून सोप्यात ही रांग. जयराजनं त्याच कॉम्प्युटरवर गेमचं एक दुकानच उघडून ठेवलं. म्हणजे तसलं ॲप, ज्यात हजार खेळ असतात आणि आपण आपल्याला पाहिजे तो घ्यायचा. खातं जयराजच्या नावाचं, त्यामुळं ते उघडलं की वरच्या कोपऱ्यात जयराजचा फोटो आणि नाव यायचं. त्यातनं त्यानं ट्रक चालवायचा खेळ काढला. वर आणखी कुणा दोस्तानं बनवलेला पलटणीसारखा हिरवागार ट्रक त्यात घातला आणि बापाला म्हणाला, “आबा, चार ते सहा तुमची वेळ. दहा ते चार तिची. चालवा.”

हवालदारांनी आधी नाक मुरडलं. “पोरांचं खेळणं हाय हे.” मग समोर घाटाचा रस्ता आला, खाली हिरवं बॉनेट, आणि दोन्ही बाजूचे आरसे. तेही समोरच, पडद्यावर! मान वळवायची गरज नाही, बाजूचं दिसायची गरज नाही. हवालदारांनी पेडल दाबलं, ट्रक हलला, आणि राहीबाई सांगते, गड्याच्या तोंडावर लग्नातसुद्धा एवढं हसू नव्हतं.

त्या दिवसापासून चार वाजले की हवालदार डोक्याला टोपी घालायचे. टेबलाभोवती एक चक्कर मारायचे, चाकांत हवा बघितल्यासारखी. मग बसायचे. सिग्नलला थांबायचे, चाळीसच्या वर जायचे नाहीत. मागच्या गाड्या हॉर्न मारून बोंब मारायच्या, हवालदार त्यांना म्हणायचे, “जावा की रं वरनं, मी काय तुमाला धरून ठेवलंय?” सहाला गाडी गॅरेजात लावायची, हँडब्रेक ओढायचा, टोपी काढायची. जेवण दोन घासांनी वाढलं. डावा हात मांडीवर गप्प राहायला लागला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ह्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण होतं का? अजिबात नाही! उलट मान एवढा की बोलायला वाटच राहिली नव्हती. हवालदारांचे वडील राहीबाईशी जन्मात एक शब्द बोलले नव्हते, तीच शिस्त हवालदारांनी पुढं चालवली. लग्नाला चार वर्षं झाली, तरी सोप्यात यायचं तर हे बाहेरनं खाकरायचे, आणि ती पदर सावरून उभी राहायची. बोलायचं झालं तर मधे राहीबाई. तिघं एकाच चुलीपुढं बसलेले असायचे, आणि हवालदार म्हणायचे, “तुज्या सुनंला सांग, चहात साखर जरा कमी.” संयोगिता म्हणायची, “आत्या, मामांना सांगा, उद्यापासनं कमी घालते.” राहीबाई दोघांकडं बघायची आणि म्हणायची, “ऐकलं न्हवं दोघांनीबी? का मी आनी एकदा म्हनू?”

आणि जिथं राहीबाई नसायची तिथं चिठ्ठ्या. संयोगिताजवळ पिवळे चिकटणारे कागद होते. आधी ते सोप्याच्या खांबाला लागायचे; आता चारला ती म्हशींकडं जायची, जाताना कॉम्प्युटरच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक कागद चिकटवून जायची. ‘मामा, प्रिंटरला हात लावू नका, बिघडलाय.’ ‘मामा, चहा थर्मासात आहे.’ हवालदार चिठ्ठी वाचायचे, तिचं पालन करायचे आणि घडी घालून खिशात ठेवायचे. उलट चिठ्ठी त्यांनी कधी लिहिली नाही. वरनं हुकूम आला की तामील करायची, उत्तर देत बसायचं नसतं, असं ते चोवीस वर्षांत शिकलेले.

जूनमध्ये प्रवेशाची गर्दी उसळली. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधनं रोग आला आणि संयोगिताचे दोन दिवसांचे अर्ज गेले. रडकुंडीला आली बिचारी. मग तिनं चांगला अँटिव्हायरस घेतला आणि कॉम्प्युटरात बसवला. सासूला म्हणाली, “आत्या, मामांना सांगा, कॉम्प्युटरला राखणदार ठेवलाय. त्यानं कायबी विचारलं तर कशालाच हात लावू नका, मी आले की बघते.” राहीबाई तेव्हा शेवग्याच्या शेंगा मोडत होती. “सांगते,” म्हणाली. तेवढ्यात दारात रेडकू सुटलं, राहीबाई त्याच्या मागं धावली, आणि सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हवालदारांनी टोपी घातली, चक्कर मारली, बसले. ट्रक चालू झाला. वळणावर आले, तोच कोपऱ्यातनं एक लाल पाटी वर आली. उजव्या खालच्या कोपऱ्यातनं, जिथं चिठ्ठी असते तिथनंच! वर इंग्रजीत लिहिलेलं. हवालदारांचं इंग्रजी पलटणीतलं, पाट्यांपुरतं. त्यांनी अक्षर अक्षर लावलं. थ्रेट, म्हणजे धोका. खाली दोन बटणं. एकावर रिमूव्ह. रिमूव्ह म्हणजे काढा, हे त्यांना पक्कं ठाऊक, ‘रिमूव्ह शूज’ हॉस्पिटलाच्या दारात असतं.

काढा? काय काढा? आणि सांगतंय कोण?

कॉम्प्युटर सुनेचा. कोपरा सुनेच्या चिठ्ठीचा. आज पिवळी चिठ्ठी नव्हती, तिच्याजागी ही. म्हणजे सुनेनंच आता मशिनीतनं चिठ्ठी लिहिली, आणि लाल रंगात लिहिली. लाल पाटी म्हणजे थांबा, हे ड्रायव्हरला कुणी शिकवावं लागतं का! हवालदारांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्यांनी रिमूव्ह दाबलं. हिरवा ट्रक नाहीसा झाला.

त्यांनी टोपी काढली आणि अंगणात जाऊन बसले. काय चुकलं असेल आपलं? परवा खुर्चीवर तंबाखूची पुडी राहिली होती, ती असेल का? की चारच्या आधी दहा मिनिटं येऊन उभे राहिलो, लोकांची रांग होती, म्हणून? दोन तास डोकं खाजवलं, काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हटलं बघू तरी. दुकान उघडलं. वरच्या कोपऱ्यात जयराजचा फोटो. आणि खाली एक निळी पट्टी आपली आपण सरकतेय! काय तरी उतरून येत होतं. पट्टी भरली, आणि गॅरेजात बघतात तर हिरवा ट्रक हजर. हवालदार खूश. किल्ली फिरवली. तेवढ्यात लाल पाटी. रिमूव्ह.

असं तिसऱ्या दिवशी झालं, चौथ्या दिवशी झालं. जयराजच्या फोटोखालनं ट्रक यायचा, सुनेच्या कोपऱ्यातनं पाटी यायची. एक म्हणतंय घ्या, दुसरं म्हणतंय काढा. हवालदारांचं डोकं भणभणून गेलं. आणि पाचव्या दिवशी, रिमूव्ह दाबून झाल्यावर शेंगदाणे खाता खाता, त्यांना सगळं एकदम कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. शेंगदाणा हातातच राहिला.

नवराबायको भांडत होती. जयराज जबलपूरहून गाडी पाठवतोय, आणि संयोगिता इथनं ती काढायला लावतेय. आणि भांडण कशावरनं? तर ह्या म्हाताऱ्यावरनं.

त्यांनी जुना दोस्त कोंडीबा गाठला. कोंडीबा त्यांच्याच पलटणीतला, स्वयंपाकी. दोघं देवळाच्या कट्ट्यावर बसले. हवालदारांनी सगळं सांगितलं, निळी पट्टी, लाल पाटी, सगळं.

“मशिनीतनं भांडत्यात म्हन्तोस?” कोंडीबानं विचारलं.

“मग? तोंडानं भांडली आस्ती तर मला ऐकू आलं नस्तं व्हय?”

कोंडीबानं बराच विचार केला. त्याला कॉम्प्युटरातलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं, पण मत द्यायचं तो कधी सोडत नसे. “आक्या, तू सुनंलाच सरळ इचार की.”

“खुळा हायस का? मी तिच्यासंगं बोलतो व्हय?”

“न्हाई बोलत, ते खरं,” कोंडीबा म्हणाला. “मग न्हाई समजायचं.”

त्या संध्याकाळी जयराजचा फोन आला. हवालदार कान टवकारून बसले. संयोगिता आतनं बोलत होती. एवढंच ऐकू आलं, “मी बघते म्हटलं ना. तुम्ही तिथनं काय करणार?” झालं! ह्याहून पुरावा काय पाहिजे? मग फोन हवालदारांकडं आला. “आबा, गाडी चालवताय न्हवं रोज?” जयराज विचारत होता. “व्हय व्हय, लय झ्याक,” हवालदार म्हणाले. आवाज पलटणीचा ठेवला.

पुढं आणखी सात दिवस त्यांनी मन मोडत मोडत दुकान उघडलं, पाटी आली, रिमूव्ह केलं. मग एक दिवस मनाशी ठरवलं. पोरांच्या संसारात आपल्या गाडीमुळं खडखड व्हायला नको. त्यांनी स्टेअरिंग काढलं, पेडल काढले, वायरी गुंडाळल्या, सगळं गोणपाटात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. कॉम्प्युटरपुढची जागा फडक्यानं पुसली. चार वाजता टोपी घातली नाही.

दोन दिवस गेले. राहीबाई पुढ्यात येऊन उभी राहिली. “आवं, ती इचारतीया, मामा गाडी का चालवंनात?”

ती विचारतेय! हवालदारांना काही कळेना. स्वतःच काढायला लावायचं आणि वर विचारायचं? ही सुनेची कुठली रीत? का राहीबाईपुढं भांडण झाकायचं म्हणून विचारतेय? तसं असेल तर आपणही झाकलं पाहिजे. “डोळं दुखत्यात म्हनून सांग,” ते म्हणाले.

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं खोटं बोलू नये, ते पुढं पुढं चालत राहतं. राहीबाईनं संयोगिताला सांगितलं, संयोगितानं जयराजला सांगितलं, जयराज तिथं घाबरला, आणि दुसऱ्याच दिवशी सांगलीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ ठरली. राहीबाई बरोबर जायची, पण म्हैस व्यायला झालेली. “मी कशी येऊ? तू ने,” ती सुनेला म्हणाली. हवालदारांनी ते ऐकलं. न दुखणारे डोळे एका बाजूला, आणि सुनेबरोबर एकट्यानं सांगली दुसऱ्या बाजूला!

एसटीत ते पुढच्या बाकावर बसले, ती दोन बाकं मागं. तिकीट तिनं काढलं आणि कंडक्टरकरवी पुढं पाठवलं. सांगलीला उतरल्यावर ती दहा पावलं मागनं चालत होती. चौकात कुठं वळायचं हे हवालदारांना आठवेना, तेव्हा ती मागनं मोठ्यानं म्हणाली, “उजवीकडं आहे वाटतं दवाखाना,” आणि हे हवेला सांगितल्यासारखं होतं. हवालदार हवेचं ऐकून उजवीकडं वळले.

दवाखान्यात सिस्टरनं दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. “बाहुल्या मोठ्या होतील. अर्धा तास डोळे मिटून बसा. उघडू नका.” हवालदार बाकावर डोळे मिटून बसले. शेजारी, एक जागा सोडून, संयोगिता. मांडीवर हवालदारांची जुनी फाइल. सिस्टरनं मागच्या वर्षीचा कागद मागितला होता, तो ती शोधत होती.

फाइलीच्या मागच्या कप्प्यात हात घातला, तर पिवळं काही हाताला लागलं. तिच्याच चिठ्ठ्या. सगळ्या, चार वर्षांच्या, घडी सरळ करून तारखेवार लावलेल्या. ‘चहा थर्मासात आहे.’ ‘ऊन लय आहे, पाच नंतर बाहेर जा.’ ‘मामा, आज तुमचा वाढदिवस, शिरा केलाय.’ संयोगिता बघतच राहिली. आणि त्यांच्या खाली रेघांचा एक कागद, त्यावर हवालदारांचं पलटणीतलं अक्षर:

‘अकरा तारीख. सुनेची लाल पाटी आली. धोका, काढा. तामील केली.’

‘बारा तारीख. सुनेची लाल पाटी. तामील केली.’

अशा बारा ओळी. तेरावी ओळ होती: ‘गाडी जमा केली. पोरांनी भांडू नये.’

दवाखान्यात माणसं खोकत होती, नावं पुकारली जात होती. संयोगिता तो कागद हातात धरून बसली होती. मधे सांगायला आत्या नव्हत्या. कोरे पिवळे कागद घरी राहिले होते.

“मामा,” ती म्हणाली.

हवालदार दचकले. हाक थेट होती. डोळे उघडायचे नाहीत असा हुकूम होता म्हणून उघडले नाहीत. उघडे असते तर ते उठून बाहेर गेले असते, हे त्यांनी पुढं कोंडीबाला स्वतः सांगितलं. पण मिटल्या डोळ्यांना कोण सासरा आणि कोण सून?

“बोल पोरी,” ते म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा.

“ही लाल पाटी मी लिहिलेली न्हाई.”

“मग कुनी?”

“अँटिव्हायरसनं. राखणदार म्हणून ठेवलाय मी मशिनीत, पेनड्राइव्हच्या रोगामुळं. त्याला तुमचा हिरवा ट्रक ओळखीचा न्हाई, कुणा दोस्तानं बनवलेला ना तो? म्हणून त्याला वाटलं चोर शिरला. तो सगळ्यांनाच विचारतो.”

हवालदार म्हणाले, “आन जयराज रोज पाठवत हुता त्ये?”

“त्ये बी पाठवत न्हवते. गेमचं दुकान बघतंय, गाडी गायब, की आपली आपण परत आणून ठेवतंय. दुकान ठेवतंय, राखणदार पकडतोय. दोघांना एकमेकांचा पत्ता न्हाई.”

“मग तुमी दोघं भांडत न्हाई?”

“आमी?” संयोगिताला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. “आमी तुमची काळजी करत बसलो होतो, मामा. तुमचं तोंड उतरलेलं दिसलं, म्हणून फोनवर ते म्हणत होते रजा टाकतो, मी म्हणत होते मी बघते.”

हवालदारांनी मिटल्या डोळ्यांनी बराच वेळ हिशेब लावला. पुन्हा चुकला, पुन्हा लावला. शेवटी मूळ गोष्टीवर आले. आवाज बारीक झाला होता. “पन मी बारा वेळा काढायला लावली गं. माजी गाडी मेली आसंल आता.”

“न्हाई मेली,” संयोगिता म्हणाली. “तुमाला शिराळ्याची नागपंचमी म्हाईत हाय ना? आता कायद्यानं बंद झालंय, चांगलंच झालं. पण माझा आज्जा जुन्या काळातला, तो नाग धरायचा. धरला की मारायचा न्हाई. मडक्यात ठेवायचा, तोंडाला फडकं बांधून. आन पंचमी झाली की जिथनं धरला तिथंच नेऊन सोडायचा, त्याच बांधावर. दुसरीकडं सोडला तर शपथ मोडली म्हणायचा. ह्या राखणदाराचं तसंच हाय. तुमी काढा म्हटलं की त्यानं ट्रक धरला आन मडक्यात ठेवला. मारलेला न्हाई. फडकं सोडलं की जिथनं धरला तिथंच जाणार.”

“मडकं कुठाय?”

“हाय मशिनीतच. मी दावते घरी गेल्यावर.”

“आन सोडताना चावंल बिवंल न्हाई?”

“ट्रक कसा चावंल, मामा?”

हवालदार हसले. बाकावरच्या सगळ्यांनी वळून बघितलं, एवढ्यानं हसले. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून दोन्ही डोळे तपासले, दाबाचे आकडे बघितले आणि विचारलं, “मागच्यासारखेच आहेत की. नक्की दुखतं कुठं?” हवालदार ताठ बसले. “दुखत हुतं मॅडम,” ते म्हणाले. “आता भाईर बाकावर ऱ्हायलं.” डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. त्यांनी काचबिंदूचे नेहमीचेच थेंब पुन्हा लिहून दिले.

परतताना उन्हात हवालदारांना नीट दिसत नव्हतं, तेव्हा संयोगिता मागनं चालली नाही. एसटीत एका बाकावर बसावं लागलं. दोघं खिडकीतनं बाहेर बघत होते, कुणी फार बोललं नाही. सवय नव्हती.

घरी आल्यावर राहीबाई दारातच ओरडली, म्हशीला रेडी झाली म्हणून. मग बघते तर सून माळ्यावर चढलेली आणि हवालदार खालनं सांगतायत, “हळू, हळू, डावीकडचं फळकूट कुजलंय गं.” राहीबाईच्या हातातली बादली तशीच राहिली. “ह्यो कोन बोलतोय?” ती म्हणाली. “म्हंजी माजी नोकरी गेली म्हनायची.”

संयोगितानं मशिनीतलं मडकं दाखवलं. लांबलचक यादी होती, आणि त्यात हिरवा ट्रक बारा वेळा. तिनं एक सोडला, बाकीचे तसेच ठेवले. मग राखणदाराला त्याची ओळख करून द्यायला लागली. “एकदा हे करून ठेवलं की तो परत कधी विचारायचा न्हाई,” ती म्हणाली.

“कवाच न्हाई?” हवालदारांनी विचारलं.

“कवाच न्हाई. लाल पाटीच यायची न्हाई.”

हवालदारांनी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्याकडं एकदा बघितलं. टोपी घातली, टेबलाभोवती चक्कर मारली. संयोगितानं त्यांच्याकडं बघितलं, शेवटच्या बटणाशी आलेला माउसवरचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग ती उठून म्हशीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी चारला हवालदार बसले. किल्ली फिरवली, हिरवा ट्रक घुरघुरला, घाटाला लागला. तिसऱ्या वळणावर उजव्या खालच्या कोपऱ्यातनं लाल पाटी वर आली.

हवालदारांनी पाय ब्रेकवर ठेवला. हे कसं काय? ती तर म्हणाली होती येणार नाही. विसरली का पोरगी? का बटण दाबायचं राहिलं? का मुद्दामच ठेवलंय? त्यांनी डोकं खाजवलं, पण काही ठरेना. रिमूव्हच्या बटणाला मात्र त्यांनी हात लावला नाही. घसा साफ केला, बाहेरनं येताना खाकरायचे तसा, आणि मोठ्यानं हाक मारली, “संयोगिता! हिकडं ये गं, ह्यो इचारतोय!”

गोठ्यातनं आवाज आला, “आले मामा. तोवर हँडब्रेक ओढा.”